थेंब, बुडबुडे आणि उजेड: सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

हे प्रश्न शाळकरी पोरांचे आहेत, डाळिंबवाल्यांचे आहेत आणि गड्ड्याच्या यात्रेत पोरांना साबणाचे फुगे घेऊन देणाऱ्या आईबापांचेही आहेत. थेंब गोल असतो, म्हणून तो भिंगाचं काम करतो, इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असतं. घोटाळा पुढे होतो, कारण थेंबापासून वस्तू किती लांब आहे हे कुणी बघत नाही. उत्तरं कुठल्याही क्रमानं वाचा, फक्त पहिलं आधी वाचा. पुढे तेच लागणार आहे.

थेंब भिंग आहे म्हणजे नक्की काय?

हवेत प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो, पाण्यात सव्वादोन लाख. किरण पाण्यात तिरका शिरला की वेगाबरोबर त्याची दिशाही बदलते. शाळेत याला अपवर्तन म्हणतात. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ असतो, तो याच दोन वेगांच्या भागाकारातून येतो.

गोल थेंबाच्या बरोबर मधून जाणारा किरण सरळ निघून जातो. कडेचे किरण मध्याकडे वळतात, शिरताना एकदा आणि बाहेर पडताना पुन्हा एकदा. थेंबाच्या पाठीमागे ते एका जागी गोळा होतात, ती नाभी. पूर्ण गोल थेंबाची नाभी त्याच्या मागच्या कडेपासून बरोबर एक त्रिज्या लांब पडते. थेंब ४ मिलिमीटर व्यासाचा असेल तर पाठीमागे २ मिलिमीटरवर. काच प्रकाशाला जास्त वळवते, म्हणून काचेच्या गोळीची नाभी आणखी जवळ, अर्ध्या त्रिज्येवर येते.

थेंबाच्या अगदी कडेचे किरण जरा आधीच एकमेकांना छेदतात, त्यामुळे नाभी सुईच्या टोकासारखी नेमकी नसते. थेंबातून पाहिलेलं चित्र मध्यभागी स्वच्छ आणि कडेला पसरट दिसतं ते यामुळे.

पावसात एसटीच्या काचेवरच्या थेंबात सगळं उलटं का दिसतं?

कारण बाहेरचा रस्ता, झाडं, समोरची ट्रक हे सगळं थेंबाच्या नाभीच्या कितीतरी पलीकडे असतं. लांबच्या वस्तूचे किरण थेंबातून आले की एकमेकांना ओलांडतात. वरून आलेले खाली जातात, खालून आलेले वर. त्यामुळे थेंबाच्या अलीकडे, म्हणजे तुमच्या बाजूला, एक इवलंसं उलटं चित्र तयार होतं.

हे पाहायला थेंबाजवळ नाक न्यायलाही नको. हातभर अंतरावरूनच बघा: काचेवरचा जवळजवळ प्रत्येक थेंब खालून उजळ आणि वरून काळसर असतो. खालचा उजेड म्हणजे आभाळ, वरचा काळेपणा म्हणजे डांबरी रस्ता. चित्रकार काचेवरचे थेंब काढतात तेव्हा बरेच जण वरच्या बाजूला उजेड देतात. वरून उजेड पडतो हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं, दुसरं काही नाही.

पेपरवर प्लास्टिक ठेवून थेंब टाकला, पण अक्षर फारसं मोठं झालं नाही. असं का?

कारण अक्षर थेंबाला चिकटलेलं आहे. अर्धगोल थेंब कागदाला टेकला असेल तर अक्षर फक्त १.३३ पट मोठं दिसतं. थेंब पूर्ण गोल असता तरी दुप्पटच झालं असतं.

आता ते प्लास्टिक दोन्ही हातांनी ताणून धरा आणि कागदापासून सावकाश वर उचला. अक्षर वाढत जाईल. काही मिलिमीटरवर ते फिस्कटेल, थेंबभर नुसता काळा-पांढरा धूर दिसेल. आणखी वर नेलं की अक्षर पुन्हा नीट होईल, पण उलटं. जिथे फिस्कटलं तिथे तुम्ही नाभी ओलांडली. भिंगाच्या धड्यातल्या किरणाकृत्या पाठ करण्याआधी हे एकदा केलेलं बरं, निम्मा धडा इथेच होतो.

मोबाईलच्या स्क्रीनवर शिंतोडे उडाले की त्यात लाल, हिरवे, निळे ठिपके दिसतात. स्क्रीन खराब झाली का?

नाही. स्क्रीन मुळात त्याच तीन रंगांच्या बारीक ठिपक्यांची बनलेली असते. ते एरवी डोळ्याला वेगळे दिसत नाहीत, म्हणून पांढरा रंग पांढरा वाटतो.

मोठा थेंब टाकून बघा, काहीच विशेष दिसणार नाही. रंग दिसतात ते बारीक शिंतोड्यांत. ठिपके आणि पाणी यांच्यामध्ये स्क्रीनची काच असते. मोठ्या थेंबाच्या हिशेबानं ती जाडी काहीच नाही, म्हणजे वस्तू पुन्हा चिकटलेलीच. पण मिलिमीटरहून लहान शिंतोड्याची नाभी जवळ असते, आणि काचेच्या जाडीमुळे रंगाचा ठिपका नेमका तिच्या आसपास येतो. मग एकच ठिपका फुगून अख्खा शिंतोडा लाल किंवा हिरवा करून टाकतो.

थेंबाचा सूक्ष्मदर्शक खरंच करता येतो का?

येतो, आणि ही युक्ती जुनी आहे. इंग्लंडमध्ये स्टीफन ग्रे याने १६९६ साली पाण्याच्या थेंबाचा सूक्ष्मदर्शक करून दाखवला होता. त्याच्या आधी हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या आंतोनी व्हान लेव्हेनहूकने मण्याएवढ्या काचेच्या भिंगांनी पाण्यातले जीव पाहिले, आणि १६७६ च्या पत्रात जिवाणूंचं वर्णन लिहून पाठवलं. त्याच्या उरलेल्या उपकरणांपैकी सर्वांत ताकदवान भिंग सुमारे २६६ पट मोठं दाखवतं. हा लेव्हेनहूक पेशानं कापडाचा व्यापारी होता. त्या धंद्यात कापडाचे धागे भिंगाखाली तपासायची पद्धत होती. चादरी आणि टॉवेलच्या गावात हे मुद्दाम सांगायला हवं.

घरी करायचं तर असं: मोबाईल टेबलावर स्क्रीन वर करून सपाट ठेवा. पुढच्या कॅमेऱ्यावर ड्रॉपरने एक छोटा थेंब ठेवा. कॅमेरा सुरू करा आणि वस्तू वरून हळूहळू थेंबाजवळ आणा. काही मिलिमीटर उरले की चित्र एकदम जुळून येतं. कांद्याचा पातळ पापुद्रा किंवा टॉवेलचा सुटा धागा घ्या. टॉवेल एरवी मऊ, एकसंध वाटतो. थेंबातून धाग्याचा पीळ दिसतो आणि त्यातून बाहेर आलेले कापसाचे तंतू केसांसारखे उभे दिसतात. उजेड वस्तूच्या मागून, म्हणजे वरून हवा. दिव्याखाली बसलात तर काम होतं.

थेंब जितका लहान तितकं चित्र मोठं. २ मिलिमीटर व्यासाचा पूर्ण गोल थेंब हिशेबानं सव्वाशे पट मोठं दाखवायला हवा. प्रत्यक्षात थेंब बसून चपटा होतो, कडा धूसर येतात, त्यामुळे एवढं मिळत नाही. मिळतं ते पाहून मात्र पोरं हरखतात.

दोन सूचना. आपल्या एप्रिल-मेच्या हवेत बारीक थेंब बघता बघता उडून जातो. मेडिकलमध्ये ग्लिसरीन मिळतं, ते वापरा, ते वाळत नाही आणि त्याचा अपवर्तनांक १.४७ म्हणजे पाण्याहून जास्त आहे. आणि मोबाईल तुमचाच असू द्या, शेजारच्या काकांचा नको.

भर दुपारी पाणी मारलं तर थेंबांच्या भिंगानं पानं जळतात, हे खरं का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. गुळगुळीत पानावर बसलेल्या थेंबाने पान जळत नाही.

पहिल्या उत्तरातला आकडा आठवा. नाभी थेंबाच्या मागे, अंतर सोडून पडते. पानावर टेकलेल्या थेंबाची नाभी पानाच्या पार खाली जाते, म्हणजे सूर्य डोक्यावर असताना ऊन पानावर एकवटत नाही. सूर्य खाली गेला की तिरक्या उन्हात ते थोडंफार एकवटू शकतं, पण तेव्हा उन्हात दम नसतो. शिवाय थेंबाखालचं पान पाण्यामुळे गारच राहतं.

हंगेरीतल्या संशोधकांनी हे तपासून २०१० मध्ये प्रसिद्ध केलं. त्यांनी मेपलच्या पानांवर काचेच्या गोळ्या ठेवल्या तर पानं भाजली, कारण काचेची नाभी जवळ पडते. त्याच झाडाच्या पानांवर पाण्याचे थेंब ठेवले तेव्हा काही झालं नाही. अपवाद सापडला तो साल्व्हिनिया नावाच्या पाण्यावर तरंगणाऱ्या नेच्याचा. त्याच्या पानांवरची मेणचट लव थेंबाला पानापासून वर उचलून धरते. मधे अंतर आलं, नाभी पानावर पडली, आणि पान भाजलं.

मग दुपारी पाणी मारलेल्या झाडांची पानं करपलेली दिसतात ती कशानं? बोअरचं पाणी क्षारयुक्त असेल तर पाणी उडून जातं आणि क्षार पानावर राहतात, त्यानं कडा जळतात. औषधाची फवारणी रणरणत्या उन्हात केली तर तेच होतं, थेंब आटतो आणि औषध तिखट होत जातं. उन्हात पाणी मारू नका हा जुन्या लोकांचा सल्ला योग्यच आहे, पाणीही निम्मं वाऱ्यावर जातं. फक्त त्याचं खापर भिंगावर फोडू नका.

डाळिंबाच्या फळावर उन्हाचे डाग पडतात, ते तरी थेंबामुळे ना?

तेही नाही. फळाच्या उघड्या बाजूवर थेट ऊन पडून साल तापते आणि तपकिरी होते. आपल्याकडे बागांवर साड्या किंवा जाळी टाकतात ती यासाठीच. थेंब असो वा नसो, ऊन लागायचं ते लागतंच.

डाळिंबाची पानं-फळं ओली ठेवू नयेत याचं खरं कारण तेल्या. तो जिवाणूजन्य रोग आहे आणि उडणाऱ्या पाण्याबरोबर पसरतो. बागेत पाण्याच्या थेंबाला भ्यायचं असेल तर त्यासाठी भ्या.

पाण्यानं भरलेली बाटली गाडीत किंवा गच्चीवर उन्हात ठेवली तर आग लागू शकते का?

लागू शकते. फुटकळ थेंबाची गोष्ट वेगळी, बाटलीत पाणी भरपूर असतं, ऊनही भरपूर गोळा होतं आणि नाभी काही सेंटिमीटर लांब पडते. तिथे गडद रंगाचं सीट किंवा वाळका कागद आला तर तो धुमसू शकतो. गोल बुडाची, पारदर्शक, साध्या पाण्याची बाटली यात पुढे.

हवामान खात्यानं याच गोष्टीचा उपयोग करून घेतला. ऊन किती तास पडलं हे मोजणाऱ्या जुन्या उपकरणात काचेचा गोळा असतो, तो मागच्या पुठ्ठ्याच्या पट्टीवर दिवसभर जळका चर उमटवतो. कॅम्पबेल नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने १८५३ मध्ये हे पहिल्यांदा केलं तेव्हा गोळा भरीव काचेचा नव्हता, पाणी भरलेला होता.

बुडबुडाही गोलच असतो. मग तोही वस्तू मोठी दाखवतो का?

उलट, लहान दाखवतो. थेंबात बाहेर हवा आणि आत पाणी, पाण्यातल्या बुडबुड्यात आत हवा आणि बाहेर पाणी. आकार तोच, पण किरण आता पाण्यातून हवेत शिरतो, म्हणून मध्यापासून लांब फाकतो. बुडबुडा अंतर्गोल भिंगासारखा वागतो. त्याच्या मधल्या भागातून पलीकडची वस्तू सुलटी आणि लहान दिसते.

काचेच्या पेल्यात सोडा ओता, पेला पांढऱ्या कागदावर उन्हात ठेवा आणि भिंतीला चिकटलेल्या बुडबुड्यांच्या सावल्या बघा. प्रत्येक सावली काळी टिकली असते, कारण तिथला उजेड बुडबुड्यानं बाजूला सारलेला असतो. मग कोरड्या काचेवर थेंब ठेवून ती काच कागदापासून थोडी वर धरा. थेंबाच्या सावलीत बरोबर मधे लखलखता ठिपका येतो.

मग बुडबुड्याची कड चांदीसारखी का चमकते?

पाण्यातून हवेत जाणारा किरण फार तिरका असेल तर तो बाहेर पडतच नाही, सगळाच्या सगळा परत फिरतो. हे पूर्ण आंतरिक परावर्तन. पाण्यासाठी ही मर्यादा पृष्ठभागावरच्या लंबापासून साधारण ४९ अंशांची. बुडबुड्याच्या कडेकडे किरण तिरकेच आदळतात. हिशेब केला तर केंद्रापासून पाऊण त्रिज्येच्या पलीकडे पडणारा सगळा उजेड परत फिरतो. क्षेत्रफळानं हा भाग बुडबुड्याच्या ४४ टक्के भरतो. म्हणजे बुडबुडा मधे भिंग आणि कडेला आरसा.

अळवाच्या पानावरचा थेंबही तसाच चांदीचा दिसतो. तिथे तर बुडबुडा नाही.

आहे, फक्त तो चपटा आहे. अळवाच्या पानावर मेणचट, डोळ्याला न दिसणारे उंचवटे असतात. थेंब त्यांच्या टोकांवर उभा राहतो आणि खाली हवेचा पातळ थर अडकतो. थेंबातून तिरका आलेला उजेड त्या हवेवरून पूर्ण परत फिरतो. पानाला चिकटलं नाही म्हणून घरंगळतं आणि चिकटलं नाही म्हणूनच चमकतं, असं हे अळवावरचं पाणी. पानावर साबणाच्या पाण्याचं बोट फिरवा. थेंब पसरेल, हवा निघून जाईल आणि चांदी गायब होईल.

होम मैदानावर गड्ड्यात मिळणारे साबणाचे फुगे कुठल्या जातीचे, थेंबाच्या की बुडबुड्याच्या?

दोन्हीच्या नाही. साबणाच्या फुग्यात आतही हवा, बाहेरही हवा आणि मधे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहूनही पातळ पाण्याचा पडदा. किरण शिरताना जितका वळतो तितकाच बाहेर पडताना उलटा वळतो. म्हणून फुग्यातून पलीकडचे नंदीध्वज जसेच्या तसे दिसतात.

फुगा आरसा मात्र दोन प्रकारचा असतो. स्थिर फुग्यात खिडकीचं प्रतिबिंब शोधा, दोन सापडतील: समोरच्या फुगीर बाजूचं सुलटं आणि मागच्या खोलगट बाजूचं उलटं. रंग येतात ते पडद्याच्या पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागावरून परतलेल्या लाटा एकमेकींत मिसळून, त्याचा भिंगाशी संबंध नाही. पाणी खाली ओघळतं तसा वरचा पडदा पातळ होत जातो. माथ्यावर रंग संपून काळा डाग दिसू लागला की फुगा आता फुटणार, असं पोरांना खुशाल सांगा.

विहिरीत डोळे उघडले तर सगळं धूसर का दिसतं?

डोळ्याच्या भिंगकामाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग बुबुळावरचा पारदर्शक पडदा करतो, आणि तो करतो हवेच्या जोरावर. त्याचा अपवर्तनांक १.३८ च्या आसपास, पाण्याचा १.३३. पाण्यात गेलं की दोघांत फारसा फरक उरत नाही आणि पडदा जवळजवळ निकामी होतो. गॉगल लावला की डोळ्यासमोर पुन्हा हवा येते. माशांना ही सोय नाही, म्हणून त्यांच्या डोळ्यातलं भिंग जवळजवळ पूर्ण गोल असतं. शिजलेल्या माशाच्या डोळ्यातून निघणारी पांढरी गोळी ती हीच.

सकाळी हरभऱ्याच्या रानातून चाललं की आपल्या सावलीच्या डोक्याभोवती उजेडाचं वलय दिसतं. हा काय प्रकार आहे?

फारच छान निरीक्षण. थंडीत सूर्य नुकताच वर आलेला, पाठीवर ऊन, समोर दंवानं भिजलेलं रान आणि त्यावर तुमची लांबलचक सावली. तिच्या डोक्याभोवती पांढरट उजेड असतो. सोबत्याला तो त्याच्या डोक्याभोवती दिसतो, तुमच्या नाही.

हरभऱ्याच्या पानांवर बारीक लव असते, तीवर दंवाचे थेंब पानापासून किंचित वर टेकतात. साल्व्हिनियाचीच गोष्ट ही. थेंब ऊन पानावर एकवटतो, पान ते परत फेकतं, आणि तोच थेंब ते आल्या वाटेनं सूर्याकडे धाडतो. त्या वाटेवर फक्त तुमचं डोकं असतं. इटलीचा शिल्पकार बेन्व्हेनुतो चेलिनी याला सोळाव्या शतकात असं वलय दिसलं आणि त्यानं ते स्वतःच्या थोरवीचं लक्षण मानलं. आपल्याकडे मंगळवेढ्याच्या शिवारात कुणीही थोर होऊ शकतो.

रात्री पुणे रस्त्यावर पांढरे पट्टे चमकतात, पाऊस आला की गायब होतात. रंग वाईट असतो का?

रंगात काचेचे बारीक मणी मिसळलेले असतात. मणी हेडलाईटचा उजेड पाठीमागच्या रंगावर एकवटतो आणि तो आल्या वाटेनं गाडीकडे परततो, हरभऱ्याच्या दंवासारखाच. पावसात मण्यांवर पाण्याचा थर बसतो. हवा आणि काच यांतला फरक मोठा, पाणी आणि काच यांतला किरकोळ. त्यामुळे उजेड कमी वळतो आणि नाभी लांब सरकते. वरून पाण्याचा सपाट पृष्ठभाग उजेड पुढेच उडवून लावतो. पावसाळी रात्री पट्टा दिसत नाही म्हणून दिवे वाढवून उपयोग नाही, वेग कमी करा.

सोलापुरात भर दुपारी इंद्रधनुष्य कधीच का दिसत नाही?

दिसूच शकत नाही. पावसाच्या थेंबात शिरलेला उजेड मागच्या बाजूवरून एकदा परतून बाहेर पडतो, आणि असे किरण तुमच्या डोक्याच्या सावलीच्या दिशेपासून ४२ अंशांच्या आसपास सर्वांत दाट जमतात. इराणचा अल-फारिसी आणि जर्मनीचा थिओडोरिक यांनी चौदाव्या शतकाच्या सुरुवातीस पाणी भरलेल्या काचेच्या गोळ्यात हे वेगवेगळं शोधलं. फ्रान्सच्या देकार्तने १६३७ मध्ये कोनाचं गणित मांडलं. त्याचा परिणाम असा की सूर्य ४२ अंशांहून वर असेल तर धनुष्याची कमान क्षितिजाच्या खाली जाते.

सोलापूर साधारण १७.७ अक्षांशावर. वर्षातला सर्वांत खालचा मध्यान्हीचा सूर्य २१-२२ डिसेंबरचा, आणि तोही जवळजवळ ४९ अंशांवर असतो. म्हणजे सपाट जमिनीवर उभं राहून मध्यान्ही आभाळात मुख्य इंद्रधनुष्य दिसण्याचा दिवस सोलापूरला वर्षभरात एकही नाही. आपला भरवशाचा पाऊस सप्टेंबरचा. त्या महिन्याच्या अखेरीस साधारण सव्वातीन-साडेतीननंतर पूर्वेकडे बघायला लागा. दुपारीच हवं असेल तर गच्चीवरून खाली पाइपानं फवारा मारा, सूर्य पाठीशी घ्या. खालच्या अंगणात धनुष्य सापडेल, कारण तिथे क्षितिजाची आडकाठी नाही.

एक पळवाट उरते. थेंबात दोनदा परतलेल्या उजेडाचं दुसरं, फिकट धनुष्य ५१ अंशांवर पडतं. ते डिसेंबरच्या मध्यान्ही उत्तरेकडे क्षितिजाला चिकटून जेमतेम दोन अंश वर यायला हरकत नाही. फक्त त्यासाठी डिसेंबरात, दुपारी बारा-साडेबाराला, ऊन पडलेलं असताना सोलापूरच्या उत्तरेला पाऊस पडायला हवा.